पळता पळता पडला, म्हणजे नेमकं काय झालं?

(कोळवणमध्ये भरतीचा सराव करणाऱ्या मुलामुलींपुढे एका डॉक्टरांनी केलेलं हे बोलणं. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी इथे लिहून दिलंय. बोलीभाषा तशीच ठेवली आहे, अधूनमधूनचे ‘अं’ आणि ‘म्हणजे’ तेवढे गाळलेत. शेवटी मुलांचे प्रश्न आहेत, ते चुकवू नका.)

मागपर्यंत आवाज येतोय ना? मोबाईल सायलेंटवर टाका, रेकॉर्डिंग चालू आहे.

आज एका आजाराबद्दल बोलायचंय. त्याचं नाव आगगाडीसारखं लांब आहे: ॲरिदमोजेनिक राइट व्हेंट्रिक्युलर कार्डिओमायोपॅथी. डॉक्टर लोक थोडक्यात ‘एआरव्हीसी’ म्हणतात, आपणही तेच म्हणू. यात हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्याचा स्नायू हळूहळू मरतो, त्याच्या जागी चरबी आणि व्रण येतो आणि मग ठोक्यांचा ताल बिघडतो. आजार दुर्मीळ आहे. साधारण दोन ते पाच हजार माणसांत एकाला, असा अंदाज आहे.

मग एवढ्या दुर्मीळ आजारासाठी तुमची संध्याकाळ का घ्यायची? एक तर हा म्हाताऱ्यांचा आजार नाही. तो बहुतेक वेळा विशीत, तिशीत, कधी शाळा संपता संपता डोकं वर काढतो. दुसरं, तो पळण्या-खेळण्याने उफाळतो, आणि तुम्ही रोज पहाटे पौड-कोळवण रस्त्यावर सोळाशे मीटरचा टायमिंग कमी करायला पळताय. तिसरं कारण सगळ्यात मोठं. हा आजार ओळखायचा पहिला धागा हॉस्पिटलच्या मशीनमध्ये नसतो. तो शेजारी पळणाऱ्या मित्राकडे आणि घरातल्या आजीकडे असतो. तो धागा डॉक्टरपर्यंत पोचला तर माणूस वाचतो. नाही पोचला तर मशीन असूनही उपयोग नाही.

गोधडीचे टाके

आधी हृदय बघू. चार कप्पे. वरचे दोन रक्त घेतात, खालचे दोन ढकलतात. डाव्या खालच्या कप्प्याला डोक्यापासून पायापर्यंत रक्त पोचवायचं असतं, म्हणून त्याची भिंत जाड, साधारण एक सेंटिमीटर. उजव्याला फक्त शेजारच्या फुप्फुसापर्यंत ढकलायचं असतं, म्हणून त्याची भिंत तीन-चार मिलिमीटरचीच. या कप्प्याला शाळेत तुम्हाला कोणी निलय शिकवलं असेल, कोणी जवनिका. आज आपण नुसतं ‘उजवा कप्पा’ म्हणू.

ही भिंत पेशींची बनलेली आहे आणि पेशी एकमेकींना बारीक टाक्यांनी जोडलेल्या असतात. त्या टाक्यांना डेस्मोसोम म्हणतात. घरातली गोधडी आठवा. टाके पक्के असतील तर ती कितीही ओढा, वर्षानुवर्षं टिकते. टाके कच्चे असतील तर नुसती अंगावर घेतली तर काही होत नाही, पण दोघांनी दोन टोकांनी धरून ओढली की उसवायला लागते. एआरव्हीसीमध्ये हे टाके जन्मतःच कच्चे असतात, कारण ते बनवणाऱ्या जनुकात बिघाड असतो. सगळ्यात जास्त वेळा तो पीकेपी-टू नावाच्या जनुकात सापडतो. जोरात पळताना हृदय ताणलं जातं, आणि पातळ भिंतीमुळे त्या ताणाचा मोठा वाटा उजव्या कप्प्यावर येतो. पेशी सुटतात, मरतात, तिथे चरबी आणि व्रण भरतो.

आता भाताच्या खाचरांचा विचार करा. पाणी एका खाचरातून दुसऱ्यात सरळ उतरत गेलं तर सगळं रान भिजतं. मध्येच दरड पडली, गाळ साचला, तर पाणी तिथल्या तिथे भोवऱ्यासारखं फिरत बसतं. हृदयातली वीजही अशीच वाहत असते. व्रणाच्या आजूबाजूला ती गोल फिरायला लागली की ठोके मिनिटाला दोनशेच्या पुढे जाऊ शकतात. एवढ्या घाईत कप्पा रक्ताने भरतच नाही. मेंदूला रक्त मिळत नाही आणि माणूस कोसळतो.

एक क्रिकेटर

तुमच्यातले जे क्रिकेट बघतात त्यांना इंग्लंडचा जेम्स टेलर आठवत असेल. छोट्या चणीचा बॅट्समन. जानेवारी २०१६ मध्ये जोहान्सबर्ग कसोटीत शॉर्ट लेगला त्याने दोन अफलातून कॅच घेतले होते. त्यानंतर तीनच महिन्यांनी, एप्रिलमध्ये, तो नॉटिंगहॅमशरकडून केंब्रिजला मॅच खेळायला गेला. वॉर्मअप करताना त्याला छातीत धडधडायला लागलं, दम लागला. हॉस्पिटलमध्ये पोचला तेव्हा त्याचे ठोके मिनिटाला २६५ होते, असं त्याने नंतर सांगितलं. निदान झालं एआरव्हीसी. वय २६. सात कसोटी, २७ वनडे आणि खेळणं तिथेच संपलं.

लक्षात घ्या, हा आंतरराष्ट्रीय खेळाडू होता. फिटनेस टेस्ट, फिजिओ, सगळं हाताशी. तरीही आजार कळला तो त्या दिवशीच. बाहेरून माणूस ठणठणीत दिसतो, कित्येकदा चारचौघांपेक्षा जास्त फिट दिसतो. ‘अरे, याला काय होणार, हा तर सगळ्यात पुढे पळतो’ हे वाक्य या आजारात काही कामाचं नाही.

पण टेलर जगला. त्याच्या छातीत एक यंत्र बसवलं, त्याबद्दल पुढे सांगतो. २०१८ मध्ये तो इंग्लंडच्या संघाचा निवडकर्ता झाला. मैदान सुटलं, क्रिकेट सुटलं नाही.

चक्कर आणि चक्कर यात फरक असतो

आता आपल्या मैदानावर येऊ. कोणीतरी पडतं, तेव्हा आपण काय करतो? तोंडावर पाणी मारतो, नाकाला कांदा लावतो, कोणी चप्पल हुंगवतं. दोन मिनिटांनी पोरगं उठून बसतं. ‘उपाशीपोटी पळला’, ‘ऊन लागलं’, ‘रक्त कमी आहे’, घरी गेल्यावर ‘दृष्ट लागली’. विषय संपला.

बहुतेक वेळा खरंच काही गंभीर नसतं. शाळेत प्रार्थनेला उन्हात उभं असताना डोळ्यापुढे अंधारी येते, मळमळतं, घाम फुटतो आणि माणूस हळूच खाली बसतो. रक्त बघून कोणाला चक्कर येते. शर्यत संपल्यावर एकदम थांबलं की पायात रक्त साचतं आणि भोवळ येते. म्हणूनच तुमचे सर सांगतात, फिनिशनंतर चालत राहा.

पण काही पडणं वेगळं असतं. ऐन पळताना, पूर्ण वेगात असताना, काहीही न जाणवता धाडकन पडणं. हात पुढे करायलाही वेळ मिळत नाही, म्हणून तोंड फुटतं, दात पडतो. किंवा आधी छातीत पक्षी फडफडल्यासारखं धडधडतं आणि मग पडतो. हे साधं चक्कर येणं समजायचं नाही. एकदाच झालं असलं तरी हृदय तपासल्याशिवाय पुन्हा पळायचं नाही.

अजून एक. मेंदूला रक्त मिळालं नाही की हातपाय झटकू शकतात. बघणाऱ्याला वाटतं, फिट आली. मग फिटची गोळी सुरू होते आणि हृदयाकडे कोणी बघतच नाही. फिट फक्त पळताना किंवा खेळताना येत असेल तर ‘ईसीजी काढू या का?’ हा प्रश्न तुम्ही स्वतः डॉक्टरांना विचारा.

म्हणून म्हणतो, पहिला साक्षीदार तुम्ही. पडणाऱ्याला स्वतःला काहीच आठवत नसतं. पळताना पडला की थांबल्यावर? आधी काही बोलला का? तोंड पांढरंफटक पडलं होतं का? किती वेळात भानावर आला? दवाखान्यात जाताना सोबत तो मित्र गेला पाहिजे ज्याने हे बघितलं. नुसती आई गेली तर तिला फक्त ‘पडला’ एवढंच माहीत असतं.

निदान कसं होतं

या आजाराचं गुऱ्हाळ इथे आहे. डेंगीसारखी एक रक्ततपासणी केली आणि हो-नाही उत्तर आलं, असं होत नाही. १९८२ साली फ्रँक मार्कस आणि गी फोंतेन यांनी २४ प्रौढ रुग्णांची माहिती एकत्र मांडली, तेव्हापासून डॉक्टर याच्या खुणा गोळा करताहेत. १९९४ मध्ये त्यांची एक यादी केली, २०१० मध्ये ती सुधारली, २०२० मध्ये इटलीतल्या पाडुआच्या डॉक्टरांनी तिच्यात आणखी भर घातली.

२०१० च्या यादीत सहा गट आहेत. कप्प्याचा आकार आणि हालचाल. स्नायूच्या तुकड्यात काय दिसतं. ईसीजीत दोन वेगवेगळे गट. ठोक्यांचा बिघाड. आणि घराण्याचा इतिहास. प्रत्येक गटात मोठी खूण आणि लहान खूण असते. वेगवेगळ्या गटांतून दोन मोठ्या, किंवा एक मोठी आणि दोन लहान, किंवा चार लहान खुणा जमल्या तर निदान पक्कं. त्याहून कमी जमल्या तर ‘संशय आहे, लक्ष ठेवू’. तुमच्या भरतीच्या मार्कांसारखंच. गोळाफेक, शंभर मीटर, सोळाशे, सगळ्यांची बेरीज.

यातला सगळ्यात स्वस्त आणि सोपा भाग म्हणजे ईसीजी. पाच मिनिटांचं काम, ग्रामीण रुग्णालयातही होतं. पौडला जाताना फक्त आधी फोन करून वेळ विचारा. ईसीजीत प्रत्येक ठोक्याच्या शेवटी एक टेकाड दिसतं, त्याला टी लाट म्हणतात. छातीवरच्या पहिल्या तीन लीडमध्ये, म्हणजे व्ही-वन, व्ही-टू, व्ही-थ्रीमध्ये, ती लाट खाली वळलेली असेल आणि वय १४ च्या वर असेल तर ती मोठी खूण. लहान मुलांत ती तशीच असते, घाबरायचं नाही. काहींच्या ईसीजीत मोठ्या लाटेनंतर एक बारीकशी टिचकी दिसते. तिला फोंतेन यांनी एप्सिलॉन लाट असं नाव दिलं.

पुढची पायरी हॉल्टर. छोटंसं यंत्र २४ तास छातीला लावतात आणि मधेच येणारे जादा ठोके मोजतात. पाचशेच्या वर गेले तर ती लहान खूण. मग इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. इथे एक गोम आहे. उजवा कप्पा चंद्रकोरीसारखा वाकडा असतो आणि छातीच्या हाडामागे दडलेला असतो, त्यामुळे सुरुवातीचा बिघाड इकोत निसटू शकतो. संशय दाट असेल तर ‘इको नॉर्मल’ एवढ्यावर थांबत नाहीत, हृदयाचा एमआरआय करतात. स्नायूचा तुकडा काढायची वेळ क्वचितच येते, आणि आजार ठिपक्या-ठिपक्यांचा असल्यामुळे तुकडा नेमका निरोगी जागेचा निघूही शकतो.

चूक दुसऱ्या बाजूनेही होते. उजव्या कप्प्यातून येणारे सगळेच जादा ठोके धोक्याचे नसतात. बऱ्याच तरुणांत ते निरुपद्रवी असतात. खूप व्यायाम करणाऱ्याचा उजवा कप्पा तसाही थोडा मोठा होतो. सारकॉइड नावाचा आजार हृदयात शिरला तर हुबेहूब असंच चित्र दिसू शकतं, आणि आपल्या देशात टीबीचाही विचार करावा लागतो. त्यांचे उपचार पूर्ण वेगळे. म्हणून यूट्यूब बघून स्वतःवर शिक्का मारू नका, आणि कोणी एका रिपोर्टवर शिक्का मारला तर या आजाराची माहिती असलेल्या हृदयतज्ज्ञाचं दुसरं मत घ्या. ठोक्यांच्या बिघाडावर काम करणाऱ्या तज्ज्ञाला इलेक्ट्रोफिजिओलॉजिस्ट म्हणतात. पुण्यात ते आहेत.

आजीला काय माहीत असतं

ग्रीसमध्ये नॅक्सोस नावाचं बेट आहे. तिथल्या निकोस प्रोतोनोतारिओस या डॉक्टरांना काही घराण्यांमध्ये एक गोष्ट दिसली. मुलांचे केस जन्मापासून लोकरीसारखे, मोठं होताना तळहात-तळपाय जाड होत गेलेले, आणि पुढे याच मुलांना हृदयाचा हा आजार. १९८६ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते जगापुढे मांडलं. २००० साली त्यामागचं जनुक सापडलं, आणि एआरव्हीसी हा पेशींच्या टाक्यांचा आजार आहे हे उमगायला तिथून सुरुवात झाली. एवढा मोठा शोध कुठून सुरू झाला? गावातली घराणी ओळखणाऱ्या डॉक्टरकडून.

नॅक्सोसच्या प्रकारात आई आणि वडील दोघांकडून बिघाड यावा लागतो, म्हणून नात्यात लग्नं होतात तिथे तो जास्त दिसतो. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न होतं, हेही डॉक्टरांना सांगायचं असतं. नेहमीच्या एआरव्हीसीत मात्र एकाकडूनच आलेला बिघाड पुरतो, म्हणजे प्रत्येक मुलाला तो मिळायची शक्यता निम्मी. मिळाला तरी आजार होईलच असं नाही. एकाच घरात एक भाऊ तिशीत गेला आणि दुसरा ऐंशी वर्षं जगला, असं होऊ शकतं.

आपल्या खोऱ्यात भावकीचा इतिहास कागदावर नसतो, आजीच्या डोक्यात असतो. ‘तुझा चुलता लावणी करताना बांधावरच पडला, बत्तीस वर्षांचा होता.’ ‘आत्याचा पोरगा पट्टीचा पोहणारा, तरी विहिरीत बुडाला.’ ‘ते झोपेतच गेले, काही आजार नव्हता.’ अशी वाक्यं आपण हळहळून सोडून देतो. डॉक्टरसाठी ती तपासणीइतकीच मोलाची. पस्तिशीच्या आत, कारण न कळता, अचानक गेलेलं जवळचं कोणी असेल तर ती यादीतली खूणच आहे.

आणि एक अवघड गोष्ट सांगतो. तरुण माणूस अचानक गेला की घरचे म्हणतात, शवविच्छेदन नको, देहाची विटंबना नको. त्यांचं दुःख मला कळतं. पण इटलीच्या व्हेनेतो प्रांतात डॉक्टरांनी पस्तिशीच्या आत अचानक गेलेल्या ६० जणांची हृदयं नीट तपासली, तेव्हा १२ जणांत हाच आजार निघाला. ते १९८८ मध्ये छापून आलं. शवविच्छेदनाने गेलेला परत येत नाही, पण त्याच्या धाकट्या बहिणीला आपण काय तपासायचं ते कळतं.

इटलीत १९८२ पासून स्पर्धेत उतरणाऱ्या प्रत्येक खेळाडूचा ईसीजी काढतात. व्हेनेतोमध्ये दर लाख खेळाडूंमागे वर्षाला ३.६ अचानक मृत्यू व्हायचे, ते पुढच्या पंचवीसेक वर्षांत ०.४ वर आले. या आकड्यांवर वाद आहेत, सगळ्या देशांना असा फायदा दिसला नाही. पण ज्याला लक्षणं आहेत किंवा घरात असा मृत्यू झालाय, त्याचा ईसीजी काढावा यावर वाद नाही.

निदान झाल्यावर

स्पर्धेचं पळणं, कबड्डी, फुटबॉल बंद. चालणं, साधं काम याबद्दल डॉक्टर माणूस बघून ठरवतात. ठोके आटोक्यात ठेवायला बीटा ब्लॉकर आणि इतर गोळ्या असतात. धोका जास्त असेल तर आयसीडी बसवतात. कातडीखालचं छोटं यंत्र, ते प्रत्येक ठोका बघतं आणि जीवघेणा बिघाड झाला की आतूनच शॉक देतं. टेलरला हेच बसवलं. महाग असतं, म्हणून सरकारी योजनेत काय बसतं ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला पहिल्या दिवशीच विचारा. आणि आईवडील, भाऊबहिणी, मुलं सगळ्यांची तपासणी, तीही एकदाच करून भागत नाही, ठरावीक वर्षांनी पुन्हा.

कोणी पडला आणि हाक मारून हलत नाही, नीट श्वास नाही, तर कांदा शोधू नका. एकाने १०८ ला फोन लावायचा. दुसऱ्याने छातीच्या मधोमध दोन्ही हात ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबत राहायचं. दमलात की बदली करा, मदत येईपर्यंत थांबू नका. इथून पुणं चाळीसेक किलोमीटर. मधली मिनिटं तुमच्या हातात असतात, खरोखर हातात.

प्रश्न

*सर, माझ्या घड्याळात ईसीजी येतो. तो चालेल का?*

धडधड होतेय त्या क्षणी काढलास तर उपयोग होतो, तो जपून ठेव. पण घड्याळ एकाच बाजूने बघतं. मघाशी सांगितलेल्या छातीवरच्या तीन लीड त्यात नसतात. खरा ईसीजी काढ आणि त्याचा स्पष्ट फोटो मोबाईलमध्ये ठेव. कागद फिका पडतो.

*डॉक्टर, मैत्रिणीला पळताना चक्कर आली होती. तिला सांगितलं रक्त कमी आहे, गोळ्या घे.*

रक्त कमी असणं आपल्याकडे मुलींमध्ये खूप आहे, गोळ्या घ्यायलाच हव्यात. पण पूर्ण शुद्ध गेली होती आणि तीही पळतानाच, तर ईसीजीही काढा. एक कारण सापडलं म्हणून दुसरं शोधायचं नाही असं नसतं.

*सर, हे सांगितलं तर भरतीत बाद करतील ना?*

हा खरा प्रश्न. तू विचारलास ते बरं केलंस, कारण इथे बऱ्याच जणांच्या मनात तो असणार. होय, निदान पक्कं झालं तर वर्दीची नोकरी बहुधा मिळणार नाही. खोटं सांगणार नाही. आईबापांनी तुझ्यावर काय आशा ठेवलीय हेही मला माहीत आहे. पण भरतीचा क्रम बघ. मैदान आधी, वैद्यकीय तपासणी निवड झाल्यावर. म्हणजे सगळ्यात जोरात पळशील त्या दिवसापर्यंत तुझा ईसीजी कोणी काढलेला नसेल. लपवून तू त्यांना फसवत नाहीस, त्या शेवटच्या दोनशे मीटरला एकटा सामोरा जातोस. आणि दहा जणांनी अशी लक्षणं सांगितली तर बहुतेकांचा ईसीजी चांगला निघेल, ते बिनघोर पळतील. तपासणीने नोकरी जाईलच असं धरून बसू नकोस.

आज रात्री जेवताना घरी तीन प्रश्न विचारा. आपल्यात कोणी तरुणपणी अचानक गेलंय का? कोणाला पळताना, कष्टाचं काम करताना शुद्ध गेली होती का? कोणाला फिटची गोळी चालू आहे आणि ती का? तिन्हीचं उत्तर ‘नाही’ आलं तर उत्तम, उद्या पहाटे भेटू रस्त्यावर. एकाचंही ‘हो’ आलं तर आधी पौड, मग पळणं.

पाणी प्या, आणि जाताना त्या मागच्या दोघांनी छाती दाबायची प्रॅक्टिस करून दाखवायची आहे, पळून जाऊ नका.

(हा भाग तुमच्या भरतीच्या ग्रुपवर पाठवा. भेटू पुढच्या भागात.)